पाठीवरचे वळ

ताइनान, ३१ ऑगस्ट २०२३

प्रिय ताई,

तुझा पाय कसा आहे? अडुसष्टाव्या वर्षी स्टुलावर चढून चर्चच्या खिडक्या पुसायला तुला कोणी सांगितलं होतं, हे मी विचारणार नाही, कारण तू ओरडशील. फोनवर तर जास्तच ओरडतेस, म्हणून लिहिते. शिवाय महत्त्वाचं ते कागदावर, हा तुझाच नियम.

महत्त्वाचं हे, की आपल्या शाओवेनला डेंग्यू झालाय. आज सहावा दिवस. आमच्या गल्लीत अकरा घरांत आहे. गल्लीप्रमुख वू काका रोज सकाळी भोंगा घेऊन फिरतात आणि लोकांच्या कुंड्यांखालच्या ताटल्या उलट्या करतात. परवा फवारणीवाले येऊन गेले, तेव्हापासून दुकानात वाम माशाचा वास कमी आणि औषधाचा जास्त येतोय. दुकान बंदच ठेवलंय. त्याचे बाबा गेल्यापासून मोठ्या आचेवर नूडल्स परतणं त्याचंच काम. मी परतलं की गिऱ्हाईक म्हणतं, काकू, आज वाम उकडलीय का?

कोव्हिडची चाचणी-पट्टी केली, काही नाही. हौ डॉक्टरांकडे डेंग्यूची पट्टी केली, त्यातही काही नाही. डॉक्टर म्हणाले, पट्टी चुकते कधीकधी, अख्ख्या गल्लीला आहे तर याला दुसरं काय असणार. बरोबरच आहे.

ताप उतरावा म्हणून मी शिंगाच्या पट्टीने त्याची पाठ घासली. तीन दिवस. आपली आई घासायची तशी, मानेपासून कमरेपर्यंत. वळ असे लालजांभळे उठले की बघ, केवढी उष्णता साठली होती अंगात. मंदिरात जाऊन राजेदेवांपुढे कौल लावायचे लाकडी ठोकळे टाकले. नवस बोलले की पोरगा उठला तर येत्या चोवीस तारखेला मंदिरासमोर रक्तदानाची बस येते तिच्यात त्याचं रक्त देईन. सलग तीन वेळा होकार आला.

पपईच्या पानांचा रस द्यायचा का, एवढंच सांग. बाकी काळजी करू नकोस.

तुझी,
आ-हुआ

*

ह्वालिएन, २ सप्टेंबर

प्रिय आ-हुआ,

पपईच्या पानांचा रस तू पी. त्याला पाणी दे, पेज दे आणि त्याची पाठ सोड.

मी चाळीस वर्षं नर्स होते. त्यातली एकवीस शाळेत आणि बाकीची रुग्णालयात. या चाळीस वर्षांत आजाराने माणसाला जेवढं फसवलं नसेल, तेवढं प्रेमळ नातेवाइकांनी फसवलेलं मी पाहिलंय. तापाच्या माणसाच्या अंगावर पुरळ उठलं की नाही, कुठे उठलं, कसं उठलं, हे डॉक्टर पाहतो. तू त्याच्या पाठीवर शिंग फिरवून सगळा फळाच पुसून टाकलास आणि वर लाल खडूने स्वतःचं लिहून ठेवलंस. हौ डॉक्टरांनी त्याचा सदरा तरी वर केला का? केला असेल तर वळ पाहून म्हणाले असतील, वा, आईने चांगलं घासलंय.

आणि "सगळ्यांना आहे म्हणून यालाही" हे कुठल्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवतात? आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर मार्ता गणिताच्या वहीत असं उत्तर दिसलं की पट्टी उचलायच्या. शेजारणीचं उत्तर बारा आलं म्हणून तुझंही बारा? पायऱ्या दाखव.

तर पायऱ्या दाखव. पुढच्या पत्रात या प्रश्नांची उत्तरं हवीत, गल्लीची हकिगत नको. ताप नक्की किती दिवस टिकतोय? घसा दुखतोय का, गिळताना त्रास होतो का? तोंड उघडायला सांग आणि बॅटरी मारून बघ, आत फोड आहेत का? मानेला, काखेत, जांघेत गाठी लागतात का? छातीवर, जिथे तुझं शिंग पोचलं नाही तिथे, पुरळ आहे का? डेंग्यूची पट्टी पुन्हा केली का?

डेंग्यू असूही शकतो. असेल तर रक्त तपासून प्लेटलेट्स बघायला लागतात. पोटात दुखलं, हिरड्यांतून रक्त आलं, तर लगेच मोठ्या रुग्णालयात न्यायचं. नसेल तर दुसरं काय आहे हे शोधायला लागतं. दोन्हीसाठी डोळे लागतात, शिंग लागत नाही.

माझा पाय अजून महिनाभर प्लास्टरमध्ये आहे. नाहीतर मी पत्र लिहीत बसले नसते.

जिनयुन

*

ताइनान, ६ सप्टेंबर

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस तुझ्यावर रागावले होते. आता तातडीच्या टपालाने उत्तर देते.

ताप काल गेला. दहा दिवस राहिला. बघ, गेला ना. गल्लीतल्या बाकीच्यांचा पाच-सहा दिवसांत गेला. वू काका म्हणतात, आमचा शाओवेन सगळं सावकाश करतो, तापही सावकाश.

घसा फार दुखत होता, पेजसुद्धा डोळे मिटून गिळायचा. तोंडात आत गालाला तीन पांढरे फोड होते, मी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या दिल्या. मानेला दोन्हीकडे गाठी आहेत, काखेतही आहेत, मी हात लावला तर म्हणाला, आई, मला काय वाम समजतेस का चाचपायला. छातीवर बारीक लाल ठिपके होते, खाजत नव्हते, ते गेले. मला वाटलं घामोळं.

डेंग्यूची पट्टी दुसऱ्यांदा केली. काही नाही. हौ डॉक्टरांनी रक्त तपासलं, प्लेटलेट्स थोड्या कमी आहेत म्हणाले, पण भीतीचं कारण नाही. आता तो उठून बसतोय, पण चार किलो उतरला आहे आणि बोलत नाही. सारखा भिंतीकडे तोंड करून फोन बघतो. मी विचारलं की म्हणतो, काही नाही.

चोवीस तारखेपर्यंत ताकद येईल ना त्याला? नवस आहे. वू काकांनी यादीत नाव घातलंसुद्धा.

आ-हुआ

*

ह्वालिएन, ७ सप्टेंबर
(वेगळ्या पाकिटात, तातडीचं)

प्रिय शाओवेन,

हे पत्र तुझ्या नावाने पाठवलंय आणि ते तुझंच आहे. आईला दाखवायचं की नाही, ते तू ठरव. मी तिला यातलं अक्षर सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. नर्सच्या तोंडाला कुलूप असतं, किल्ली रुग्णाकडे.

तुझ्या आईने मला तुझी सगळी लक्षणं लिहून कळवली आहेत. ती यादी मी चारदा वाचली. दहा दिवस ताप, घसा, तोंडातले फोड, मानेत आणि काखेत गाठी, छातीवर पुरळ, डेंग्यूच्या दोन्ही पट्ट्या कोऱ्या. ही यादी पुष्कळ आजारांत बसते. नुसत्या लक्षणांवरून कोणीही काही सांगू शकत नाही, मीसुद्धा नाही आणि हौ डॉक्टर तर नाहीच नाही. पण ज्या आजारांत ती बसते, त्यांतला एक असा आहे की त्याचं नाव घ्यायला आपल्याकडे सगळे घाबरतात, म्हणून मी घेते. एचआयव्ही. लागण झाल्यावर दोन ते चार आठवड्यांनी बऱ्याच जणांना असाच ताप येतो. मग तो आपोआप जातो, आणि तो जातो हीच त्याची फसवणूक. माणसाला वाटतं, फ्लू होता, डेंग्यू होता, गेला.

म्हणून मला एकच विचारायचं आहे. तापाच्या आधीच्या महिन्यात असं काही घडलं होतं का, ज्यामुळे हा प्रश्न अगदीच वेडगळ ठरत नाही?

मी सिस्टर्सच्या शाळेत शिकले. पाप या विषयाला आम्हाला आठवड्यातून चार तास होते. त्यातला एकही तास या पत्रात वापरलेला नाही आणि पुढेही वापरणार नाही. तू कोणावर प्रेम करतोस, स्त्रीवर की पुरुषावर, हे मी विचारत नाही. मला फक्त तारीख हवी आहे.

उत्तर कागदावर दे. फोनवर तू "हो मावशी" म्हणतोस आणि ते खोटं असतं.

तुझी,
जिनयुन मावशी

*

ताइनान, १० सप्टेंबर

मावशी,

तुझं पत्र आलं तेव्हा आई समोर वाम साफ करत होती. तातडीचं लाल काठाचं पाकीट बघून म्हणाली, मावशीने माझ्यावर तक्रार केली का तुझ्याकडे? मी हो म्हणालो. तेवढं एक खोटं तुझ्या नावावर.

आधी मला राग आला. मग तीन वेळा वाचलं. मग तुला चूक ठरवावं म्हणून औषधाच्या दुकानातून नाही, तर ओळखीचं कोणी दिसणार नाही अशा पलीकडच्या भागातल्या विक्री-यंत्रातून घरी करायचा तपासणी संच आणला. हिरडीवरून काडी फिरवायची, वीस मिनिटं थांबायचं. काल केला. एकच रेघ. निगेटिव्ह. तीन वेळा सूचना वाचून बघितल्या, एकच रेघ म्हणजे निगेटिव्ह.

तर झालं. तुझा अंदाज चुकला, आणि मला त्याचा आनंद आहे. तुलाही असेल.

तारीख विचारलीस म्हणून सांगतो, कारण संच निगेटिव्ह आल्यावर सांगायला काय हरकत आहे. बारा ऑगस्ट. काओश्युंगचा एकजण आहे. सहा महिन्यांपासून ओळख. तू विचारलं नाहीस, पण मी सांगतो, पुरुष आहे. आईला माहीत नाही. हे पत्र लिहायला मी दुकानाच्या मागे बटाट्यांच्या पोत्यावर बसलोय.

आणि मनात काही राहिलंच असेल तर चोवीसला बस आहेच. नवसाचं रक्त देईन, ते लोक सगळं तपासतात. काही असेल तर गुपचूप कळवतील. नाही आलं पत्र तर सगळं ठीक. नाव वू काकांच्या यादीत आहेच, कुणाला काही विचारायलाही लागणार नाही.

शाओवेन

*

ह्वालिएन, १२ सप्टेंबर
(तातडीचं)

शाओवेन,

तारीख सांगितलीस, आणि दुसरंही सांगितलंस. दोन्ही गोष्टी मी नीट जपून ठेवल्या आहेत. दुसरीबद्दल एवढंच, की हे सांगायला तुला बटाट्यांच्या पोत्यावर बसायला लागलं, याची मला लाज वाटते. तुझी नाही, आमची.

आता पहिलीबद्दल. बारा ऑगस्ट ते नऊ सप्टेंबर म्हणजे अठ्ठावीस दिवस. हिरडीवरून काडी फिरवतात तो संच विषाणू शोधत नाही. विषाणू आल्यावर शरीर त्याला जे उत्तर लिहितं, ते उत्तर तो शोधतो. आणि शरीर सावकाश लिहितं. कोणाचं तीन आठवड्यांत निघतं, कोणाला तीन महिने लागतात. उत्तर निघालं नाही म्हणजे पत्र आलंच नाही, असं होत नाही. तू रिकामी टपालपेटी उघडून आनंदाने घरी आलास.

तुला रुग्णालयातली तपासणी हवी आहे. शिरेतून रक्त घेतात, त्यात उत्तरही शोधतात आणि विषाणूचा अंशही. आणि तिथे स्पष्ट सांगायचं, बारा ऑगस्ट, सव्वीसपासून ताप, तोंडात फोड, गाठी. हे सांगितलं की गरज वाटल्यास ते थेट विषाणूच मोजतात. तारीख सांगितली नाहीस तर त्यांनाही शेजारणीचं उत्तर बारा दिसेल. नाव सांगायचीही गरज नाही, निनावी तपासणीला नुसता क्रमांक देतात.

आता त्या रक्ताच्या बसबद्दल.

नीट वाच. ती बस तुझी तपासणी करायला येत नाही. ती कोणाच्या तरी शिरेत घालायला रक्त न्यायला येते. अपघातातल्या माणसाला, बाळंतिणीला. ते तपासतात, काटेकोर तपासतात, पण लागण नवीन असते तेव्हा काही दिवस असे असतात की जगातली कुठलीही तपासणी अंध असते. रक्त देणाऱ्यांसाठी फॉर्मवर प्रश्न असतात ते म्हणूनच. तू त्या फॉर्मवर खोटं लिहून गुपचूप स्वतःची शंका फेडणार, आणि धोका दुसऱ्याच्या पिशवीत टाकणार? राजेदेवांना असा नवस पोचत असेल तर मला त्यांच्याशीही दोन शब्द बोलायचे आहेत.

तू वाईट माणूस नाहीस. घाबरलेला आहेस. घाबरलेली माणसं गर्दीत शिरतात, म्हणजे कोणी त्यांच्याकडे एकेकटं बघत नाही. डेंग्यूच्या गर्दीत, रक्ताच्या रांगेत.

आणखी एक सांगते. हे मी तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही.

१९९३ साली इथल्या शाळेत चित्रकलेचा एक शिक्षक होता, वेंग नावाचा. पंचवीस-सव्वीसचा. ताप, घसा, छातीवर पुरळ घेऊन माझ्या दवाखान्याच्या खोलीत आला. फ्लूची साथ होती. मी चिठ्ठीवर "फ्लू, दोन दिवस विश्रांती" लिहिलं. तिसऱ्यांदा आला तेव्हा ताप नव्हता. नुसता खुर्चीत बसला. त्याला काहीतरी विचारायचं होतं, हे मला तेव्हाही कळलं होतं. घंटा झाली, दारात गुडघे फुटलेली पोरं उभी होती, मी म्हणाले, वेंग सर, बरे झालात ना, मग पुढच्याला येऊ द्या. तो उठून गेला. १९९९ मध्ये रुग्णालयात आणला तेव्हा त्याचं वजन अडतीस किलो होतं. औषध दोन वर्षांपासून फुकट मिळत होतं, शाओवेन. दोन वर्षं तो आणि औषध एकाच गावात राहत होते आणि त्यांची भेट झाली नाही. मला त्याने ओळखलं. म्हणाला, सिस्टर, तुम्ही त्या दिवशी घाईत होतात.

आज मला घाई नाही. पाय प्लास्टरमध्ये आहे, खुर्चीत बसून आहे आणि पुढचा कोणी दारात नाही. तू बस आणि विचार.

तुझ्या आईला मी काही सांगणार नाही, चोवीसलासुद्धा नाही. तुझं तोंड, तुझं रक्त, तुझा निर्णय. मी तुला खेचून बाहेर काढणार नाही. पण तू त्या बसच्या पायऱ्या चढलास, तर मला पुन्हा पत्र लिहू नकोस.

जिनयुन मावशी

*

ताइनान, ३ ऑक्टोबर

मावशी,

तीन आठवडे लिहिलं नाही. क्रमाने सांगतो, पायऱ्या दाखवतो.

तुझं पत्र मी खिशात ठेवून फिरत होतो आणि रुग्णालयात जात नव्हतो. रोज ठरवायचो, रोज दुपारी गर्दी असायची. तेवीसला आईने माझा पांढरा सदरा इस्त्री करून ठेवला. नवसाला जायचं म्हणून.

चोवीसला बस मंदिरासमोर उभी होती, रक्त दिलं की तांदळाची पिशवी, सकाळी नऊलाच रांग. वू काका भोंग्यावरून नावं घेत होते. मी रांगेत उभा राहिलो, मावशी. खोटं सांगत नाही, उभा राहिलो. फॉर्म हातात आला. त्या प्रश्नांपाशी आलो आणि पेन चालेना. पुढे लोणच्याच्या दुकानातली म्हातारी फांग आजी होती, मला म्हणाली, पोरा, माझ्या सुनेच्या बाळंतपणात चार पिशव्या लागल्या होत्या, कुणी दिल्या देव जाणे, म्हणून मी मुलाला दरवर्षी पाठवते. ती स्वतः द्यायला आली नव्हती, वयात बसत नाही. मुलगा उठत नाही म्हणून त्याची जागा धरून उभी होती.

मी फॉर्म घडी करून बसच्या दारात उभ्या नर्सला खालूनच परत दिला. म्हणालो, मी देऊ शकत नाही. तिने कारण विचारलं नाही. एक छोटं कार्ड दिलं, त्यावर रुग्णालयाचा पत्ता आणि वेळ. म्हणाली, इथून परत जायला रांगेत उभं राहण्यापेक्षा जास्त धीर लागतो.

बाजूला आई उभी होती, थर्मासमध्ये आल्याचा चहा घेऊन. सगळ्यांसमोर म्हणाली, झालं एवढ्यात? वू काका भोंगा खाली न करता म्हणाले, काय रे, सुई बघून पळालास का? अख्ख्या गल्लीने ऐकलं.

मी आईला मंदिराच्या बाजूला नेलं, अगरबत्तीच्या मोठ्या भांड्यापाशी, जिथे धुरात कोणी कोणाचं तोंड बघत नाही. आणि सांगितलं. आई, माझं रक्त कुणाला द्यायच्या लायकीचं आहे की नाही, मला माहीत नाही. का ते सांगितलं. काओश्युंगचंही सांगितलं.

तिने थर्मासचं झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. मग घरी गेली आणि दुपारभर कढई घासत बसली. ती कढई इतकी स्वच्छ बाबांच्या वेळीही नव्हती. संध्याकाळी म्हणाली, उद्या किती वाजता जायचंय? मी म्हटलं, मी एकटा जाईन. म्हणाली, स्कूटरवर मागे बसायला मला तुझी परवानगी लागते का?

रुग्णालयात मला क्रमांक मिळाला, नाव नाही. आई बाहेर बाकावर बसून सगळ्यांना सांगत होती, माझा मुलगा शाओवेन आत गेलाय. निनावी तपासणीची तेवढी वाट लागली.

मी तारखा सांगितल्या, तू सांगितल्यास तशा. डॉक्टर बाई लिहिता लिहिता थांबल्या आणि म्हणाल्या, एवढं नीट कोणी सांगत नाही. त्यांनी दोन्ही तपासण्या लावल्या, विषाणू मोजायचीही. निकाल आला, मावशी. आहे. शरीराचं उत्तर अजून अर्धवट आहे, खात्री करायच्या चाचणीत पुसट, पण विषाणू भरपूर सापडला. डॉक्टर म्हणाल्या, याचा अर्थ लागण अगदी ताजी आहे, आणि एवढ्या लवकर कळणारे माझ्याकडे फार थोडे येतात, बहुतेक वर्षांनी येतात, काही न्यूमोनिया होऊन येतात. शरीराची ताकद अजून जवळपास शाबूत आहे. त्या हसत होत्या. असा निकाल सांगताना कोणी हसेल असं मला वाटलं नव्हतं. आणि खरं सांगू, मीही हसलो. महिनाभर जे भिंतीवर दिसत होतं त्याला एक नाव मिळालं, आणि त्याच्यासमोर रोज एक गोळी.

आईने डॉक्टरांना विचारलं, मी पाठ घासली म्हणून झालं का? डॉक्टर म्हणाल्या, नाही काकू, घासल्याने काही झालं नाही, फक्त दिसायचं ते दिसलं नाही. आईने घरी येऊन शिंगाची पट्टी कागदात गुंडाळून कपाटाच्या वर टाकली. म्हणाली, ताईला सांगू नकोस. सांगतोय.

काओश्युंगच्या माणसाला मी स्वतः कळवलं. तो आधी चिडला, मग त्यानेही तपासून घेतलं. त्यालाही आहे. त्याला माहीत नव्हतं. त्याचंही औषध सुरू होतंय.

पहिली गोळी काल सकाळी घेतली. कढईपाशी उभं राहून, दुकान उघडण्याआधी. आज पहिल्यांदा मोठ्या आचेवर परतलं. गिऱ्हाईक म्हणालं, आज वाम वाम लागतेय.

मावशी, मी पायऱ्या चढलो नाही.

शाओवेन

*

ह्वालिएन, ५ ऑक्टोबर

माझ्या शाओवेन,

तुझं पत्र मी चर्चमध्ये नेऊन पुन्हा वाचलं. तिथे मोठ्याने हसणारी मी एकटी होते, धर्मगुरूंनी मान वळवून पाहिलं. त्यांना म्हटलं, एका पत्राची वाट बघत महिनाभर जीव टांगणीला लागला होता, ते आलं. त्यांना काही कळलं नाही. त्यांना न कळणाऱ्या गोष्टींची यादी मोठी आहे.

प्लास्टर काल काढलं. आज मी पहिलं काम केलं ते हौ डॉक्टरांना पत्र लिहिण्याचं. तुझं नाव घातलेलं नाही. फक्त लिहिलं, की एक निवृत्त नर्स या नात्याने विचारते, डेंग्यूची पट्टी दोनदा कोरी, ताप दहा दिवस, तोंडात फोड, गाठी, असा रुग्ण समोर बसला तर आपण त्याला आणखी एक प्रश्न विचाराल का, की खिडकीतून गल्लीकडे बघून निदान कराल? शेवटी लिहिलं, की हीच चूक मी १९९३ मध्ये केली आहे, म्हणून मला ती ओळखता येते. हे वाक्य मी दोनदा खोडलं. पण लिहिलं.

रोज गोळी घे. एक दिवसही चुकवू नकोस. तुझ्या डॉक्टर सांगतीलच, विषाणू रक्तात दिसेनासा झाला आणि तसाच दिसेनासा राहिला, की तू कोणावर प्रेम केलंस तरी त्यातून लागण पुढे जात नाही. हे वाक्य वेंग सरांना कोणी सांगू शकलं नाही. मी तुला लिहून देते आहे, तारखेसह.

तुझ्या आईला सांग, शिंगाची पट्टी कपाटावर नको. ती मला पाठव. माझ्या नव्याने चालायला लागलेल्या पायाला घासायला हवी आहे.

जिनयुन मावशी

*

ताइनान, ४ फेब्रुवारी २०२४

प्रिय ताई,

नववर्षाची तयारी चाललीय, हात तेलाचे आहेत, कागदाला डाग पडला तर माफ कर. शाओवेन तुला आकडे लिहीलच, मी आधी सांगते. परवा रक्ताचा निकाल आला, विषाणू दिसतच नाही. डॉक्टर बाई म्हणाल्या, मशीनला सापडत नाही एवढा कमी. मी विचारलं, म्हणजे गेला? म्हणाल्या, गेला नाही, गप्प बसलाय, गोळी चालू राहिली तर गप्पच बसेल. मी म्हटलं, आमच्या वू काकांना अशी एखादी गोळी आहे का?

हौ डॉक्टरांची बातमी ऐक. डिसेंबरात लोणच्यावाल्या फांग आजीचा मुलगा तापाने गेला त्यांच्याकडे. त्यांनी डेंग्यूची पट्टी केली, कोरी आली, तर दार लावून घेतलं, त्याला सदरा काढायला सांगितलं आणि वीस मिनिटं प्रश्न विचारले. आजी बाहेर घाबरून गेली. फ्लूच निघाला. पण ती सगळ्या गल्लीला सांगतेय, हौ डॉक्टर आता फार खोलात जातात, फी तीच. तुझं पत्र त्यांच्या टेबलाच्या काचेखाली आहे, मी बघितलं.

आता माझी बातमी. नवस राहिला होता, ताई. शाओवेन आता कधीच रक्त देऊ शकणार नाही, आणि राजेदेवांना मी शब्द दिला होता. झोप लागत नव्हती. मग मी मंदिरात गेले, ठोकळे घेतले आणि विचारलं, त्याच्याऐवजी मी दिलं तर चालेल का? पहिल्यांदा दोन्ही ठोकळे एकाच बाजूला पडले, म्हणजे देव हसले. मी म्हटलं, हसायला काय झालं, मी साठ वर्षांची आहे, पासष्टपर्यंत चालतं, मी बसमध्ये विचारून आलेय. दुसऱ्यांदा टाकले. होकार. पुन्हा टाकले. होकार. पुन्हा. होकार.

तुला माहीत आहे, मी सुईला केवढी घाबरते. शाओवेनच्या वेळी दवाखान्यातून पळाले होते. काल बस आली. वू काकांनी भोंग्यावरून माझं नाव घेतलं आणि सगळी गल्ली बघायला आली. मी पायऱ्या चढले. शाओवेन खाली थर्मास घेऊन उभा होता, म्हणाला, आई, सुई बघून पळालीस तर मी वू काकांचा भोंगा हातात घेईन.

नर्स तीच होती, सप्टेंबरातली. माझं नाव वाचलं, पत्ता वाचला, खिडकीतून खाली शाओवेनकडे बघितलं. नुसती माझी बाही वर केली. मग विचारलं, काकू, साठाव्या वर्षी पहिल्यांदाच का?

मी म्हटलं, माझ्या मुलाच्या नवसाचं आहे. त्याचं रक्त त्याला स्वतःला लागतं, म्हणून माझं घ्या.

अडीचशे मिली दिलं. डोळे उघडे ठेवून. तांदळाची पिशवी मिळाली, त्यातला अर्धा तांदूळ या पत्रासोबतच्या पेटीत तुला पाठवतेय. शिंगाची पट्टीही त्यातच आहे, तुझ्या पायाला. पण आधी नीट बघून घे, खाली काय आहे.

तुझी,
आ-हुआ